कुंडी आली, जाळी कधी?

यंदा वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीला एकेक कुंडी मिळाली. आमच्या वाट्याला स्नेक प्लांट आले. ते म्हणे रात्री प्राणवायू सोडते, हवा शुद्ध करते आणि झोप गाढ लागते. (आमची आजी रात्री झाडाखाली निजू देत नसे, ती गोष्ट निराळी!)

हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, हे खरे. पण प्राणवायू तयार होतो तो दिवसा, उजेडात. हवा शुद्ध करण्याच्या कीर्तीला १९८९ सालच्या ‘नासा’च्या प्रयोगाचा आधार देतात. वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पेटीत रोपे ठेवून बेंझीनसारखी विषारी द्रव्ये कमी होतात असे दाखवले. पण खोली म्हणजे काही हवाबंद पेटी नाही. २०१९ साली कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडला. इमारतीत एरवी जी हवा खेळते, तिच्याइतके काम रोपांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील! मग खाटा कुठे टाकायच्या?

आम्ही तिघे डासांच्या भीतीने खिडकी लावून, कॉइल पेटवून झोपतो. पहाटे डोके जड. खिडकीला जाळी मागून दोन सत्रे उलटली. जाळीऐवजी कुंडी आली.

रोपाशी आमचे वैर नाही. नवे पान फुटले की तिघेही कौतुकाने पाहतो. जाळीचे माप मात्र घेऊन ठेवले आहे: अडीच फूट बाय चार.