व्हेरॅसिटी : विधानाची आणि माणसाची

सत्याशी नाते सांगणारे इंग्रजी शब्द अनेक आहेत. ‘ट्रूथ’ म्हणजे सत्य, ‘ऑनेस्टी’ म्हणजे प्रामाणिकपणा. ‘व्हेरॅसिटी’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये उभा आहे. लॅटिन भाषेत ‘वेरस’ म्हणजे खरा आणि ‘वेरॅक्स’ म्हणजे खरे बोलणारा. त्यातून हा शब्द घडला. तपासून खरे ठरविणे या अर्थाचा ‘व्हेरिफाय’, न्यायनिर्णयाचा ‘व्हर्डिक्ट’ आणि नित्याच्या वापरातला ‘व्हेरी’ ही याच कुळातील भावंडे होत.

या शब्दाचे दोन उपयोग ध्यानात ठेवावेत. विधानाला लावल्यास त्याचा अर्थ ‘सत्यता’. माणसाला लावल्यास ‘सत्यवादिता’, म्हणजे खरे बोलण्याची अंगी मुरलेली सवय. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १४६ अन्वये साक्षीदाराच्या ‘व्हेरॅसिटी’ची परीक्षा पाहणारे प्रश्न उलटतपासणीत विचारता येत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या इंग्रजी पाठातही हा शब्द कायम आहे.

विधान आणि माणूस यांतील हा भेद पेढीवर सहज उमगतो. समजा, एका कापड व्यापाऱ्याने कॅश क्रेडिट खात्यासाठी बँकेला महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट दिले. त्यात २० लाखांचा माल दाखविला आणि गोदामात तो तेवढाच भरला. परंतु त्यांपैकी ८ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादारांना देणे बाकी होते. ते देणे त्याने लिहिलेच नाही. मार्जिन २५ टक्के धरले, तर ९ लाखांऐवजी १५ लाखांची उचल त्याला मिळाली. मालाचा आकडा खरा होता. सत्यवादिता मात्र गेली. याउलट, मोजणीत नकळत झालेली चूक ध्यानात येताच जो स्वतः बँकेला कळवितो, त्याचे स्टेटमेंट चुकलेले असते, माणूस खराच राहतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. त्यांतील कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेख करणे, कोणासही समजते. न्यासापहार अधिक सूक्ष्म आहे. ठेव ठेवणाऱ्यास रकमेचा विसर पडतो, तो कमी मागतो, आणि ठेव सांभाळणारा ‘हो, तेवढीच’ म्हणून तेवढीच परत करतो. खोटा आकडा त्याने स्वतःहून उच्चारलेला नसतो; दुसऱ्याच्या विस्मरणास केवळ होकार दिलेला असतो. तरीही या दोषाची गणना अचौर्याच्या नव्हे, सत्याच्या व्रतात केलेली आहे. ‘व्हेरॅसिटी’चा दुसरा, माणसाला लागणारा अर्थ येथे पुरता उलगडतो.

इंग्रजी लिहिताना एक सावधगिरी बाळगावी. या शब्दातील पहिल्या ‘व्ही’नंतरच्या ‘ई’च्या जागी ‘ओ’ पडला, की ‘व्होरॅसिटी’ हा निराळाच शब्द होतो. त्याचे मूळ गिळंकृत करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे आणि अर्थ आहे अधाशीपणा. पत्र लिहिताना हे एक अक्षर तपासून घ्यावे. स्टॉक स्टेटमेंट भरताना तर अधिकच.