जॉब कार्डावर माझं वाक्य लिहा

गेल्या सात महिन्यांत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी पाच वेळा उभा राहिलो. गाडी दोन वर्षांची, डिझेलची, बारा लाखांच्या आसपासची, वॉरंटीतली. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलाला मी सांगितलं ते असं: "चढणीला गाडी ओढत नाही, मधेच गचके देते. आणि डिपस्टिक काढली की ऑइलला डिझेलचा वास येतो, ऑइलची पातळीही वर गेलीय." चार वेगवेगळ्या गोष्टी. मुलगा चांगला होता, आमच्या डिचोलीच्याच बाजूचा, "हय सर, हय सर" करत ऐकत होता. त्यानं ऐकलं मराठी-कोकणीत आणि टाइप केलं इंग्रजीत. छापून हातात आलेल्या जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात एवढंच होतं: 'लो पिकअप. जनरल चेकअप.' वास गेला, पातळी गेली, गचके गेले. मी खाली सही केली.

ही सही माझी चूक. बाकी सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आधी दुखणं काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ चे नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर एक जाळीदार गाळणी आली, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तिच्यात अडकते. गाळणी भरत आली की गाडीचा कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल सोडून धुराचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. मधेच बंद केली तर काम अर्धवट राहतं, आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलात उतरतं. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी वाढते. पातळ ऑइलवर चाललेलं इंजिन आतून झिजत जातं. आता हे असंच्या असं दुखणं दुसऱ्या कारणानेही होऊ शकतं. एखादा इंजेक्टर गळका असेल तर काजळीही जास्त होते आणि डिझेलही ऑइलात जातं. पहिलं कारण असेल तर दोष माझ्या चालवण्याचा. दुसरं असेल तर दोष कंपनीच्या भागाचा आणि खर्च तिचा.

सर्व्हिस सेंटरला यातलं कुठलं कारण आवडलं असेल, हे मी सांगायला नको.

"सर, तुम्ही गाडी चालवीतच नाही," असं मला दुसऱ्या खेपेला सांगण्यात आलं. रोज किती? मी म्हटलं, घर ते साखळी आणि परत, अठरा-वीस किलोमीटर. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "लाँग ड्राइव्ह मारा सर. हायवेला अर्धा तास." मला हसू आलं. अहो, अख्खा गोवा पेडण्यापासून काणकोणापर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. इथला माणूस गाडी घेतो तो बाजार, शाळा, देऊळ, ऑफिस आणि लग्नाचे हॉल यांच्यासाठी. शोरूममध्ये विकणाऱ्यानेही मला हाच प्रश्न विचारला होता, रोज किती किलोमीटर? मी हेच उत्तर दिलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "मग डिझेलच घ्या, मायलेज बघा!" म्हणजे विकताना जो आकडा माझा गुण होता, तोच दुरुस्तीला गेल्यावर माझा दोष झाला. गाळणीचा दिवा लागल्यावर काय करायचं ते मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, हे मान्य. पण मॅन्युअल मिळतं पैसे भरून, नारळ फोडून, हार घालून झाल्यावर.

असो. सल्ला मानला. आईला बेळगावला मावशीकडे न्यायचंच होतं, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. केरी सोडलं, चोर्ल्याचा घाट लागला, जुलैचा पाऊस, समोरचं दिसत नाही अशी धुकं. अर्ध्या चढणीवर पिवळा दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. लिम्प मोड म्हणतात त्याला. इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कापतं, मग तुम्ही पाय कितीही दाबा. वीसच्या वेगानं आम्ही वर सरपटत होतो, मागे मालाचे ट्रक हॉर्न मारत होते, मोबाइलला रेंज नाही. आई एरवी बडबडी, ती गप्प बसून होती. एका वळणावर जरा जागा मिळाली तिथं बाजूला घेतली, मागून आलेल्या कदंब बसच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारपूस केली. इंजिन बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केलं तेव्हा दिवा तसाच, पण रखडत का होईना कणकुंबी गाठली. बेळगावहून परत येताना आई म्हणाली, "पुढच्या वेळेला बशीनं जाऊया." गाडी घेताना कर्ज काढलं ते मुख्यतः तिच्या गुडघ्यांसाठी.

तिसऱ्या खेपेला त्यांनी स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला तो मी खांद्यावरून वाचला, पी २४६३. गाळणीत काजळी साचली असा त्याचा अर्थ. कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंदही ठेवतो, वेग किती, इंजिनाचे फेरे किती, तापमान किती. म्हणजे घाटात नेमकं काय झालं त्याचा पंचनामाच तो! मी म्हटलं, याची प्रिंट द्या. "सर, प्रिंटाची सोय ना." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं बटण दाबून कोड पुसला, गाळणी यंत्रानं सक्तीनं जाळून साफ केली, ऑइल बदललं, ऑइलचं बिल माझ्या हातात दिलं. जॉब कार्डावर: 'डीपीएफ रिजनरेशन डन. कस्टमर अॅडव्हाइज्ड ऑन ड्रायव्हिंग.' मला उपदेश केल्याची नोंद झाली, घाटाची झाली नाही. चौथ्या खेपेला गाडीत काही सापडलं नाही म्हणून विचारलं, डिझेल कुठल्या पंपावर भरता?

आता कायद्याकडे येतो, कारण अशा वेळी भोवतालचे लोक हमखास म्हणतात, "ग्राहक न्यायालयात खेचा त्यांना." खेचता येतं, वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्ह्यात चालते, माझ्यासारख्या दहा ते वीस लाखांतल्या गाडीला फी चारशे रुपये, वकील केलाच पाहिजे असं नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एवढं सोपं आहे तर अडतं कुठं? अडतं पुराव्यापाशी. दोष उघड दिसणारा नसेल तर आयोग तो माल प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, आणि त्याची फी तक्रारदाराला आधी भरायला लावू शकतो. (कायद्यात मालाचा नमुना घेऊन सील करावा असं आहे. तुपाच्या डब्याचं ठीक आहे, गाडीचा नमुना कुठून काढणार?) तज्ज्ञ आला तरी तो पहिल्यांदा कागद मागणार. कागद म्हणजे जॉब कार्डं. त्यांवर लिहिलेलं काय? लो पिकअप. जनरल चेकअप. गिऱ्हाइकाला उपदेश केला.

नव्या कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. चुकीच्या वापराबद्दल पुरेसा इशारा दिला नाही तर उत्पादक जबाबदार, असं त्यात लिहिलंय. वाचून मी हरखलो होतो! मग 'हानी'ची व्याख्या वाचली. त्या प्रकरणापुरती खुद्द वस्तूची हानी तिच्यात धरलेली नाही. घाटात आईला इजा झाली असती तर ते प्रकरण लागू. इंजिन गेलं तर नाही, त्यासाठी पुन्हा 'सदोष माल' आणि वॉरंटी या जुन्याच वाटेनं जायचं. आणि वॉरंटी म्हणजे काय, हे मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगून ठेवलंय: सदोष भाग बदलून देणं, अख्खी गाडी नव्हे. डीलर आणि कंपनी एकच ना, असं समजणाऱ्यांसाठी तर आपल्या गोव्यातलंच उदाहरण आहे. नवं मॉडेल म्हणून २००९ ची, सहाशेवर किलोमीटर चाललेली गाडी गळ्यात मारल्याचं एक प्रकरण जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत गेलं. खालपासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सगळ्यांनी कंपनी आणि डीलर दोघांना धरलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण दोघांतला व्यवहार स्वतंत्र धंदेवाईकांचा, आणि डीलरची ती करणी कंपनीला ठाऊक होती असं दाखवणारं काही पुढे आलेलं नव्हतं. निकाल कायद्याला धरून असेलही. पण काउंटरवरचा अनुभव उलटा आहे. तिथं भाग मागितला की "कंपनीची मंजुरी यायला हवी", आणि कंपनीला फोन लावला की "तुमच्या डीलरशी बोला".

डीलरची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. वॉरंटीचं काम तो करतो आणि पैसे कंपनीकडे मागतो. कंपनीनं दावा फेटाळला तर भुर्दंड त्याच्यावर. त्यामुळे यंत्रावर कोड दिसल्याशिवाय भागाला हात लावायला तो घाबरतो. काउंटरवरच्या मुलाला दिवसाला ढीगभर गाड्या उरकायच्या, त्याच्या पडद्यावर तयार रकाने, त्यात 'डिझेलचा वास येतो' असा रकानाच नाही. आणि छोट्या फेऱ्यांनी गाळणी भरते हेही खोटं नाही. हे सगळं मान्य करूनही माझा प्रश्न उरतो: मी काय म्हणालो ते लिहायला कुणाच्या मंजुरीची गरज आहे?

इथं मला आमचा जुना गॅरेजवाला आठवतो. बाबांच्या फियाटचं बॉनेट उघडून तो आधी विचारायचा, आवाज कसा येतो, करून दाखवा. बाबा तोंडानं आवाज काढून दाखवायचे आणि आम्ही पोरं हसायचो. धडधडते, खरखरते, धापते, ठसकते, उचक्या देते. यातला प्रत्येक शब्द त्याला इंजिनाच्या वेगळ्या भागाकडे न्यायचा. त्या काळाचे गोडवे गात नाही, फियाट महिन्यातून एकदा ढकलावी लागे. पण दुखणं सांगण्याची भाषा आपल्याकडे आहे आणि ती नेमकी आहे. 'लो पिकअप' हे त्या सगळ्या शब्दांवर फिरवलेलं पोतेरं आहे.

आणि आम्ही गोमंतकीय भाषेवरून काय काय केलं! १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची तरतूद मिळाली, आणि त्यावरचा वाद अजून जेवणाच्या पंगतीतही पेटतो. दोन्ही बाजूंच्या वीरांना माझी विनंती, एकदा शोरूमच्या काउंटरवर जाऊन आपली तक्रार आपल्या भाषेत लिहून घ्यायला लावा. कोकणीत लावा, मराठीत लावा, रोमीत लावा, मी टाळ्या वाजवीन. तिथं मात्र आपण सगळे निमूटपणे न वाचलेल्या इंग्रजीखाली सही करतो.

हे एकट्या माझ्या इंजिनापुरतं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देता येतो, त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दोष धोकादायक असावा लागतो, आणि ठराविक संख्येनं मालकांच्या तक्रारी लागतात. चोर्ल्याच्या चढणीवर मान टाकणारं इंजिन धोकादायक नाही असं कोण म्हणेल? पण माझ्यासारख्या शंभर जणांच्या कागदावर 'जनरल चेकअप' असेल तर मोजणार काय?

पाचव्या खेपेला मी घरूनच कागद लिहून नेला. देवनागरीत, तारीख, किलोमीटर, ऑइलच्या पातळीचा फोटो, आणि स्वतः विकत घेतलेल्या छोट्या ओबीडी यंत्रावर मोबाइलमध्ये टिपलेला कोड. म्हटलं, हा जॉब कार्डाला टाचा, प्रतीवर पोच द्या, आणि कोड पुसण्याआधी मला दाखवा, तोपर्यंत किल्ली देत नाही. वर्कशॉप मॅनेजर बाहेर आले. दीड तास गेला. मग इंजेक्टर काढून तपासले, जे पहिल्या दिवशी करता आलं असतं. चारांतला एक गळत होता.

तो बदलला, पैसे घेतले नाहीत. पण कार्डावर आलं: 'रिप्लेस्ड अॅज गुडविल.' गुडविल! म्हणजे दोष नव्हताच, यांनी माझ्यावर मेहेरबानी केली. उद्या दुसरा इंजेक्टर गळला तर मेहेरबानी पुन्हा होईलच असं नाही. मी पेन मागितलं आणि सहीच्या वर लिहिलं: 'सदोष इंजेक्टर वॉरंटीखाली बदलला. गुडविल हा शब्द मला मान्य नाही.'

डिचोलीचा तो मुलगा कागद उलटसुलट करून बघत राहिला. "सर, हें सिस्टमांत वचना."

मी म्हटलं, बरं, मग शिक्का तरी मार. त्यानं मॅनेजरच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि मारला.