तोंडाच्या वाफेवर पाच गोल होत नाहीत

मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही, हे आम्हा क्रीडापत्रकारांचं लाडकं पालुपद. मीही ते कैकदा आळवलंय. पण फुटबॉलपटू प्रदीपकुमार बॅनर्जी आठवले की ते घशातच अडकतं. (पीके म्हटलं की आता लोकांना सिनेमा आठवतो. त्याला इलाज नाही.)

पीके राइट विंगर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कर्णधार, फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच. १९६२ मध्ये जकार्तात भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा अंतिम सामन्यातल्या आपल्या दोन गोलांपैकी एक त्यांचा. असा माणूस मोहन बागानकडून खेळला नाही की ईस्ट बंगालकडून. तो खेळला ईस्टर्न रेल्वेकडून. १९५८ मध्ये रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. तीन बड्या क्लबांबाहेरच्या संघाला ती पुन्हा जिंकायला २०१९ उजाडलं!

खेळाडू म्हणून जी बागान-ईस्ट बंगाल डर्बी वाट्याला आली नाही, तिच्यावर पीकेंनी बाकावर बसून राज्य केलं. १९७२ मध्ये ते ईस्ट बंगालकडे आले. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात बागानचा ५-० असा धुव्वा उडाला. मग बागानवाल्यांनी काय करावं? घाव घालणाऱ्यालाच घरी बोलावलं. १९७७ मध्ये पीकेंनी त्यांना शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स असे तिन्ही करंडक मिळवून दिले. त्याच वर्षी ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉसला २-२ असं रोखलं, ते वेगळंच.

या सगळ्याचं श्रेय बंगालने त्यांच्या ‘व्होकल टॉनिक’ला दिलं, म्हणजे ड्रेसिंग रूममधल्या पेटवणाऱ्या भाषणांना. मला हे कौतुक कमीपणाचं वाटतं. १९९७ चा फेडरेशन कप उपांत्य सामना घ्या. पीके पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर, आणि समोर अमल दत्तांचं बागान ‘डायमंड’ रचनेने सगळ्यांना चिरडत आलं होतं. सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार प्रेक्षक. बायचुंग भुतियाची हॅट्‌ट्रिक, ईस्ट बंगाल ४-१. त्या रचनेत सगळे पुढे धावले की मागे मैदान मोकळं पडतं. पीकेंनी नेमकं तेच हेरलं. ते दिसायला डोळे लागतात, भाषण नव्हे.

देशासाठीही त्यांनी प्रशिक्षकपद सांभाळलं. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत, जी. एम. एच. बाशांच्या जोडीने. भारताने कांस्य जिंकलं. त्यानंतर आशियाई स्पर्धेत आपल्याला फुटबॉलचं एकही पदक मिळालेलं नाही.