वेगमर्यादा: महामार्ग एकच, नियम अनेक

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि पोरबंदर ते सिल्चर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २७. देशाला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जोडणारे हे दोन रस्ते ज्या शहरापाशी एकमेकांना छेदतात, ते शहर म्हणजे झाशी. देशाच्या रस्ते नकाशावरील हा मध्यवर्ती चौरस्ता आहे. वाहनांच्या वेगाविषयीचा कायदा देशात एकच असला, तरी त्याची अंमलबजावणी प्रदेशागणिक कशी बदलते, हे पाहण्यासाठीही याहून योग्य ठिकाण मिळणे कठीण आहे.

झाशी उत्तर प्रदेशात असली, तरी शहरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर थोड्याच अंतरात मध्य प्रदेशाची हद्द लागते. उत्तरेला ग्वाल्हेरच्या वाटेवर दतिया, पश्चिमेला शिवपुरीच्या वाटेवर दिनारा आणि करेरा, तर आग्नेयेला ओरछा ही सर्व गावे मध्य प्रदेशातील आहेत. झाशीहून छतरपूरमार्गे खजुराहोकडे जाणारा रस्ता तर अधिकच वळणे घेतो. त्यावरील बरुआसागर उत्तर प्रदेशात, निवाडी मध्य प्रदेशात, मऊरानीपूर पुन्हा उत्तर प्रदेशात आणि छतरपूर पुन्हा मध्य प्रदेशात येते.

या गुंतागुंतीच्या सीमेमागे इतिहास आहे. मराठ्यांच्या सुभ्याचे ठाणे असलेली झाशी १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केली. पुढे काही काळ हे शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात ते पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेले. शेजारची दतिया आणि ओरछा ही संस्थाने स्वातंत्र्यानंतर विंध्य प्रदेशात व १९५६ मध्ये मध्य प्रदेशात समाविष्ट झाली. राजेरजवाड्यांच्या काळात आखल्या गेलेल्या याच रेषेवर आज वाहतूक पोलिसांचे अधिकारक्षेत्र बदलते.

मर्यादा कोण ठरवते?

राज्यघटनेनुसार राष्ट्रीय महामार्ग हा संघसूचीतील विषय आहे. पोलीस आणि इतर रस्ते राज्यसूचीत आहेत, तर मोटार वाहने समवर्ती सूचीत. म्हणजेच एकाच रस्त्यावरून धावणाऱ्या एकाच वाहनाशी घटनेतील तिन्ही सूचींचा संबंध येतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ अन्वये कमाल वेग ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यानुसार ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, तर नगरपालिका हद्दीत व अन्य रस्त्यांवर ७० किलोमीटर अशी मर्यादा ठरवली. मालवाहू वाहनांसाठी द्रुतगती व चौपदरी मार्गांवर ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर हे प्रमाण आहे.

मात्र हे आकडे म्हणजे केवळ वरचे टोक होय. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप पाहून याहून कमी मर्यादा घालण्याची मुभा त्याच कलमाने राज्य सरकारला आणि राज्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्यांना दिली आहे. त्यासाठी दोन अटी आहेत. मर्यादा राजपत्रात प्रसिद्ध झाली पाहिजे आणि रस्त्यावर तसा फलक लावला गेला पाहिजे. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर राजपत्राची अट शिथिल होते.

या तरतुदीचा वापर सर्वत्र होतो. महाराष्ट्रात समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना १२०, तर घाटात आणि बोगद्यांत १०० ची मर्यादा घालण्यात आली. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी उतरती श्रेणी आहे. उत्तर प्रदेशात यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यातील धुक्यामुळे मोटारींची १०० ची मर्यादा काही आठवड्यांसाठी कमी केली जाते.

असे फरक गैर नाहीत. घाट, धुके, शाळा आणि बाजारपेठ यांना एकच आकडा लावता येणार नाही. अडचण आहे ती या फरकांची माहिती चालकापर्यंत पोहोचण्याची. नागपूरहून आग्र्याकडे निघालेला मालमोटारचालक महाराष्ट्रातून मध्य प्रदेशात, ललितपूर आणि झाशीसाठी उत्तर प्रदेशात, ग्वाल्हेर आणि मुरैनासाठी पुन्हा मध्य प्रदेशात, धौलपूरसाठी राजस्थानात आणि अखेर पुन्हा उत्तर प्रदेशात प्रवेश करतो. एका प्रवासात तो पाच वेळा राज्यसीमा ओलांडतो. वाटेतील चार राज्यांची राजपत्रे त्याने वाचलेली असतील, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्यासाठी फलक हाच कायदा असतो. तो नसेल, झाडाआड गेला असेल किंवा पुसट झाला असेल, तर त्या चालकापुरती ती मर्यादा अस्तित्वातच नसते.

दंडातील तफावत

मर्यादेपेक्षाही मोठी तफावत दंडात दिसते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अतिवेगासाठी हलक्या वाहनांना १ हजार ते २ हजार रुपये, तर मध्यम व जड वाहनांना २ हजार ते ४ हजार रुपये दंडाची तरतूद केली. तथापि, प्रत्येक प्रकरण न्यायालयात नेणे शक्य नसल्याने कलम २०० नुसार जागेवरच तडजोड शुल्क घेऊन ते मिटवता येते. हे शुल्क किती असावे, हे राज्य सरकार ठरवते. येथूनच राज्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक गुन्ह्यांसाठीचे शुल्क कमी केले. हेल्मेट न वापरल्याबद्दलचा १ हजार रुपयांचा दंड तेथे ५०० रुपयांवर आला. मध्य प्रदेशातील तत्कालीन कमलनाथ सरकारने वाढीव दंड लगेच लागू करण्यास नकार दिला. महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनीही दंड कमी करण्याची मागणी केंद्राकडे केली होती. राज्यात सुधारित दर प्रत्यक्ष लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. उत्तर प्रदेशाने २०२० मध्ये दरवाढ करून हेल्मेटसाठीचा दंड ५०० वरून १ हजार रुपये केला. परिणामी झाशी आणि दतिया या शेजारच्या दोन शहरांत एकाच केंद्रीय अधिनियमाखाली काही काळ दोन वेगळे दरपत्रक होते.

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ॲटर्नी जनरल यांच्या मताचा आधार घेऊन राज्यांना स्पष्ट शब्दांत कळवले. राष्ट्रपतींची संमती मिळालेला स्वतंत्र राज्य कायदा असल्याखेरीज अधिनियमातील किमान दंडापेक्षा कमी रक्कम ठरवता येणार नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. तरीही राज्यांनी आपापल्या गतीनेच पावले टाकली. दंडवाढ ही मतदारांना थेट जाणवणारी बाब असल्याने या प्रश्नात कायद्याइतकेच राजकारणही गुंतलेले आहे.

बेदरकारपणाची व्याख्या

‘आक्रमक वाहनचालन’ असा शब्दप्रयोग भारतीय कायद्यात नाही. त्याच्या सर्वांत जवळ येते ते कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालन. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे, हातात मोबाइल धरून वाहन चालवणे, नियमबाह्य रीतीने पुढे जाणे आणि विरुद्ध दिशेने येणे या कृतींचा २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात स्पष्ट उल्लेख केला. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १ हजार ते ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यांपैकी हातातील मोबाइलचे प्रकरण तेवढे तडजोड शुल्क घेऊन मिटवता येते. उर्वरित प्रकार न्यायालयापुढे न्यावे लागतात. तेथे पुरावा, साक्ष आणि तारखा आल्या. अतिवेगाचे चलन मात्र कॅमेऱ्याने टिपलेल्या आकड्यावर काही क्षणांत निघते. त्यामुळे मागून दिवे फेकत अगदी जवळ येणारा, डावीकडून घुसणारा किंवा विरुद्ध दिशेने येणारा चालक वेगाच्या मर्यादेत असेल, तर यंत्रणेच्या नजरेतून निसटण्याची शक्यता अधिक राहते.

हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेत १९७४ साली लागू झालेली ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली आणि हा अधिकार राज्यांकडे परतला. टेक्सासमधील एका मार्गावर आज ताशी ८५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर वेगाला परवानगी आहे. ॲरिझोनाने आक्रमक वाहनचालनाचा स्वतंत्र गुन्हा ठरवताना अतिवेगासोबत आणखी किमान दोन विशिष्ट उल्लंघने आणि इतरांना तत्काळ धोका अशी अट घातली. जर्मनीत ऑटोबानच्या अनेक भागांवर बंधनकारक मर्यादा नाही, १३० किलोमीटरचा वेग केवळ शिफारस म्हणून आहे. परंतु तेथे चालकाच्या गंभीर उल्लंघनांचे गुण फ्लेन्सबुर्ग येथील एकाच मध्यवर्ती नोंदवहीत जमा होतात. राज्य बदलले म्हणून नोंद कोरी होत नाही.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. दररोज सरासरी ४६० हून अधिक मृत्यू असे हे प्रमाण आहे. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली.

झाशीच्या सीमेवरील दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवले, की वेगळेच चित्र दिसते. त्या वर्षी उत्तर प्रदेशात ४१ हजार ७४६ अपघातांत २२ हजार ५९५ जणांचा मृत्यू झाला. मध्य प्रदेशात अपघात अधिक, म्हणजे ५४ हजार ४३२ होते. मृत्यू मात्र १३ हजार ४२७ होते. म्हणजे उत्तर प्रदेशात दर १०० अपघातांमागे सुमारे ५४, तर मध्य प्रदेशात सुमारे २५ मृत्यू. महाराष्ट्रात हेच प्रमाण ४६ च्या आसपास होते.

सीमेच्या एका बाजूचे चालक दुसऱ्या बाजूपेक्षा दुप्पट बेदरकार आहेत, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. रस्त्यांचे स्वरूप, वाहतुकीचा वेग आणि जखमींना मिळणारे उपचार यांबरोबरच किरकोळ अपघातांची नोंद कोठे किती काटेकोरपणे होते, याचाही या प्रमाणावर परिणाम होतो. दंड आणि मर्यादा यांप्रमाणेच नोंदीही राज्यागणिक बदलत असतील, तर कोणत्या राज्याचे धोरण जीव वाचवते हे ठरवणे अवघड होते.

उपाय कोणते?

वाहनाबरोबर सीमा ओलांडणारा एक नियम आधीपासूनच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील २०१५ च्या बदलानुसार बहुतांश परिवहन वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखणारे वेगनियंत्रक सक्तीचे झाले. टँकर, डंपर आणि शाळेच्या बसगाड्यांसाठी ही मर्यादा ६० आहे. यंत्र सुस्थितीत असेल, तर ते दतियातही तेच सांगते आणि झाशीतही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अतिवेगासह काही गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. श्रीमंत चालकाला २ हजार रुपयांचा दंड जाणवणार नाही, परवान्याविना काढावे लागणारे तीन महिने मात्र जाणवतील. ही शिक्षा राज्याच्या दरपत्रकावर अवलंबून नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ अ ने कॅमेऱ्यांद्वारे देखरेखीची चौकट आखली. पहिल्या यादीतील १३२ शहरांत महाराष्ट्रातील १९ आणि उत्तर प्रदेशातील १७ शहरे होती. कॅमेऱ्याआधी सूचना फलक लावणे त्यात बंधनकारक आहे. हेच तत्त्व राज्यांच्या सीमांवर लागू करता येईल. हद्द बदलताच त्या राज्यातील मर्यादा व दंड ठळकपणे दाखवणारा फलक, प्रत्येक महामार्गावरील कमी केलेल्या मर्यादांची किलोमीटरनिहाय जाहीर यादी आणि झाशी, दतिया, निवाडी, शिवपुरी यांसारख्या लगतच्या जिल्ह्यांच्या पोलिसांत समन्वय या गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही.

बेदरकारपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यास १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ही तरतूद सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. जीव गेल्यानंतरचा कायदा देशभर एक आहे. जीव वाचवण्यासाठी असलेला कायदा मात्र अजूनही हद्दीगणिक बदलतो. झाशीहून ओरछ्याकडे पायी किंवा सायकलवर निघालेल्या माणसाच्या दृष्टीने या दोहोंपैकी दुसरा कायदा अधिक मोलाचा आहे.