सव्वीस आठवडे फक्त आमचेच?

दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह येतो. आपल्याकडे एचआरची गुलाबी मेल येते, एखादं व्याख्यान होतं, आणि लंचटेबलवर "करिअर की बाळ?" यावर थोडी गरमागरमी होते. तिकडे जव्हार-मोखाड्याच्या अंगणवाडीतही तोच संदेश पोचतो: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. संदेश शंभर टक्के बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण आहे ते एकाच गोष्टीशी: हा सल्ला पाळायला लागणारे सहा महिने आपण कुणाला दिले आणि कुणाला नाही?

आधी आपलं बघू. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने 12 आठवड्यांची पगारी रजा दिली होती. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांसाठी तिचे 26 आठवडे झाले. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर, आणि दिवसातून चारदा बाळाकडे जायची मुभा. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन वेगळ्या सुट्ट्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या गोष्टी कायम आहेत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला-मला माहीत आहे. माझी एक मैत्रीण स्टोअर रूममध्ये, जुन्या मॉनिटरांच्या ढिगाऱ्याशेजारी बसून दूध काढायची आणि तिच्या अप्रेझलमध्ये "उपलब्धता कमी" असा शेरा आला होता. चीड येते. पण निदान भांडायला हातात कागद तरी आहे.

आता जव्हार-मोखाडा. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर लोकांचे हे तालुके. डोंगरउताराची शेती, पावसावरचा भात, नाचणी, वरई. दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही, मग बिऱ्हाडं उचलून माणसं भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. आधी उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको जोडीने राबतात, आणि मजुरी ठरते हजार विटांवर. पहाटेच्या अंधारात थापणी सुरू होते.

इथे जरा थांबा आणि हिशेब करा. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. दर वेळचे पंधरा-वीस मिनिटं धरा. आपल्याकडे ती पगारी वेळ आहे. भट्टीवर मात्र तेवढ्या विटा कमी, म्हणजे मजुरी कमी, म्हणजे उचल फिटायला उशीर. थोडक्यात, बाळाला पाजलं की पगार कापला! आणि दुधाचं गणित तर सगळ्यांना एकच आहे: छाती जितकी रिकामी होते तितकं दूध नव्याने तयार होतं, पाजणं लांबलं की पान्हा आटत जातो. पंप आणि फ्रीज हा आपला तोडगा. विटांच्या झोपडीत कुठला आलाय फ्रीज? मग झोळीपाशी मोठी बहीण बसते, आणि ती मोठी म्हणजे सहा-सात वर्षांची.

रडल्याशिवाय आई पाजत नाही म्हणतात. इथे बाळ रडतंय, आईला ऐकू येतंय, आणि मध्ये अर्ध्या थापलेल्या विटांची रांग आहे.

तरीही जव्हार-मोखाड्याचा विषय निघाला की आपण लगेच "जनजागृती हवी" म्हणतो. 1992 साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), दूध पावडरच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदाही त्याच 1992 चा. म्हणजे आईचं दूध महत्त्वाचं हे सरकारला तेव्हाच कळलं होतं. ते पाजायला आईला वेळ लागतो, हे मात्र अजून पुरतं कळलेलं नाही.

"योजना आहेत ना," तुम्ही म्हणाल. आहेत. 2015 पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतिणीला पहिले सहा महिने एक वेळचं चौरस जेवण मिळतं. उत्तम योजना. पण जेवण गावच्या अंगणवाडीत आणि बाई भिवंडीच्या भट्टीवर! स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकप्रणालीही राज्याने आणली, प्रायोगिक जिल्ह्यांत पालघर होता. आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून मला कौतुकच आहे. पण बाई कुठे आहे हे सर्व्हरला कळल्याने ताट तिच्यापर्यंत पोचत नाही.

आणि पैसे? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 रुपये. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता दिवसाला 312 रुपये. म्हणजे पाच हजारांत येतात सोळा दिवस. आमचे 26 आठवडे आठवड्याला सहा दिवसांनी धरले तर 156 दिवस, म्हणजे 48,672 रुपये. बाळ तेच, दूध तेच, सहा महिने तेच. एकीला 156 दिवस आणि दुसरीला 16?

"पूर्वी बायका शेतात राबून पाजतच होत्या की!" हा एक ठेवणीतला मुद्दा. होत्या. पण शेत घराजवळ, आजी घरात, आणि कधी टेकायचं हे बाईच्या हातात. भट्टीवर यातलं काहीच नाही.

"एवढा पैसा आणायचा कुठून?" तामिळनाडू एका बाळंतपणाला 18,000 रुपयांचा लाभ देतं, महाराष्ट्र काही त्याहून गरीब नाही. आणि कामाच्या जागी पाळणाघर हे स्वप्न नव्हे: मोबाईल क्रेशेस संस्थेने 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच ते सुरू करून दाखवलं. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यातही होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर एका बाईला मजुरी देऊन त्यांच्याजवळ बसवायचं. कागदावर होतं, कामावर क्वचितच दिसलं. खाजगी भट्टीमालकाला तर तेवढंही कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बाळंतिणीला सहा महिन्यांची मजुरी, तिच्या खात्यात, हजेरीपटावर नाव असो वा नसो. भट्टीवर पाळणाघर नसेल तर भट्टीला परवानगी नाही. आणि अमृत आहाराचं ताट तिच्या मागे जाईल, ती ताटामागे नाही.

हे उपकार नव्हेत. त्या भट्ट्यांची वीट आपल्याच शहरांच्या भिंतीत बसते, आणि मुंबईच्या नळाला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे. ऑफिसात चांगली खोली, चांगलं अप्रेझल जरूर मागा, मीही मागेन. फक्त "नोकरी करणारी आई" म्हणताना त्या यादीत वीट थापणारी आहे की नाही, एवढं तपासा. ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त तास कामावर असते.

बघा पटतंय का.