विजेची गाडी कोणाच्या दारात?

पेट्रोलची गाडी सोडून विजेची घ्यावी का, हा प्रश्न हल्ली वस्तीतल्या बैठकांतही निघतो. ज्यांना रोज गाडी लागतेच, त्यांनी जरूर घ्यावी. रस्त्यावरचा धूर आधी जातो तो सिग्नलपाशी भाजी विकणाऱ्या बाईच्या छातीत. पण त्यासाठी शासनाने सवलतींची खैरात कोणावर करावी?

मार्च २०२५ मध्ये तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सुचवलेला सहा टक्के कर सरकारने मागे घेतला. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. त्याच वर्षी जानेवारीत एस.टी.चे भाडे मात्र १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, ते हवेच. पण एस.टी.च आली नाही, तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय?

शिवाय बरीचशी वीज आजही कोळसा जाळूनच होते. मुंबईतला धूर हटतो, चंद्रपूरच्या बायांच्या अंगणात राख पडतच राहते.

म्हणून मैत्रिणींनो, आपली मागणी स्पष्ट हवी : आधी विजेच्या बस, वेळेवर, गावोगाव आणि वस्तीपर्यंत. मोटारवाल्यांच्या सवलतींचे नंतर बघू.