स्वामित्वधन कोणाचे?



सरकारी कागदात एक शब्द आहे : स्वामित्वधन. तहसील कचेरीत त्यालाच रॉयल्टी म्हणतात. अर्थ सरळ आहे. जो स्वामी, त्याचे धन. आपल्या शेतातला मुरूम काढून विकायचा म्हटले तर आधी परवानगी काढावी लागते आणि ब्रासच्या हिशेबाने स्वामित्वधन सरकारजमा करावे लागते. शेत तुमचे, सातबारा तुमच्या नावाचा, सारा तुम्ही भरता. पण मुरमाचा स्वामी सरकार.

हा हिशेब मुरमावर थांबत नाही. तो वणी-भद्रावतीच्या कोळशाला लागू आहे, आणि युरेनियमलाही. वर्धा जिल्ह्यात युरेनियमची खाण नाही, मग आपण त्याची उठाठेव कशाला करायची, असे कोणी विचारील. नियम नीट समजायचा तर तो टोकाला नेऊन पाहावा लागतो. युरेनियम हे ते टोक आहे.

२०१७ साली कॅनडात युरेनियम रॉयल्टी कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. ही कंपनी स्वतः खाण खणत नाही. दुसऱ्यांच्या प्रकल्पातून उद्या जे युरेनियम निघेल, त्याच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का आजच विकत घेऊन ठेवायचा, हा तिचा मुख्य धंदा. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात चर्चरॉक नावाचा प्रकल्प आहे. त्याच्यावरही या कंपनीचा टक्का आहे. प्रकल्प कागदावर, खनिज जमिनीखाली. तरी त्या टक्क्याला किंमत आहे आणि त्याचे सौदे होतात. पेरणी झालेली नाही, तरी पिकातला वाटा विकला जातो म्हणा ना!

हे तिकडे होऊ शकते, कारण अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी जमिनीखालच्या खनिजावर जमीनमालकाचा हक्क असतो. शेत विकले तरी खनिजाचा हक्क राखून ठेवता येतो. तेल काढणाऱ्या कंपनीने उत्पन्नाचा आठवा हिस्सा मालकाला द्यायचा, हा तिथला जुना रिवाज आहे. याचा अर्थ तिथे सगळे आबादीआबाद आहे असा नाही. याच चर्चरॉकजवळ १६ जुलै १९७९ रोजी युरेनियम गिरणीच्या गाळाचे धरण फुटले आणि किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. नदीकाठी नवाहो आदिवासींची गुरे पाणी पीत होती. टक्का एकाच्या खिशात आणि विष दुसऱ्याच्या विहिरीत, हे तिकडेही घडते. तेवढ्यासाठीच हक्क कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहायचे असते.

आता आपल्या घरचा इतिहास पाहा. वर्धा जिल्हा मध्यप्रांतातला, मालगुजारीचा. मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे खाणी-खनिजांचे हक्क सरकारकडे गेले. मालगुजाराकडून गेले ते कुळाकडे आले नाहीत, वरच्या वर सरकारकडे गेले. १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेने विदर्भातल्या शेतकऱ्याला मोठे सुंदर नाव दिले : भूमिस्वामी. बारा वर्षांत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली आणि भूमिस्वामीचा भोगवटादार वर्ग एक झाला. त्याच संहितेच्या कलम ४८ ने जमिनीवरची आणि जमिनीखालची सगळी खनिजे राज्य सरकारची म्हणून जाहीर केली. स्वामीपण गेले, भोगवटा उरला. भोगायचे काय, तर पाण्याची वाट, बोंडअळी आणि सोसायटीचे कर्ज.

सर्वच ठिकाणी असे झालेले नाही. केरळात मलबारच्या जमीनमालकांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ८ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले, की जमिनीखालच्या खनिजाची मालकी साधारणपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते. कायद्याच्या रीतीने ती काढून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे कलम ४८ लिहून ती काढून घेतली. मोबदला? एक पैसाही नाही.

पुढे २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढू देण्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला दिलेला तो मोबदला आहे. निकाल लागला तो राज्यांच्या कर बसवण्याच्या अधिकाराबद्दल. राज्ये खूश झाली. पण त्या वाक्याचा आपल्यापुरता अर्थ काय? कर असता तर तो सार्वभौम सरकारचाच. मोबदला म्हटला की तो मालकाचा. मग मालक कोण, हा प्रश्न टाळता येत नाही.

युरेनियमच्या बाबतीत तर सरकारची कमाल आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने हे खनिज केंद्राच्या मुठीत गेले. १९६७ साली युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि जादुगुडाची खाण तिच्याकडे आली. ही कंपनी बाजारात युरेनियम विकत नाही. अणुऊर्जा खाते तिला वार्षिक भरपाईची रक्कम देते. खाण कायद्याच्या अनुसूचीत युरेनियमची रॉयल्टी ठरली ती या रकमेच्या दोन टक्के, आणि तीही राज्यांत वाटून. कोळशावर चौदा टक्के, युरेनियमवर दोन! खणणारे सरकार, घेणारे सरकार, भाव ठरवणारेही सरकार. एकाधिकार कापूस खरेदीत आयुष्य गेलेल्या विदर्भाच्या शेतकऱ्याला हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घेणारा एकच असला की भाव कसा ठरतो, हे आपण काट्यापाशी उभे राहून शिकलो आहोत.

याच देशात एका ठिकाणी मात्र सरकारला थांबावे लागले. मेघालयात डोमियासियात येथे युरेनियमचा मोठा साठा सापडला. खासी समाजात जमीन कुळांची, आणि सहाव्या अनुसूचीचे संरक्षण आहे. स्पिलिटी लिंगदोह लांगरिन या वृद्ध बाईंनी आपली जमीन पट्ट्याने द्यायला नकार दिला. कोट्यवधी रुपयांची बोली झाली, तरी त्या बधल्या नाहीत. २०२० मध्ये त्या वारल्या. त्यांच्या हयातीत तिथे खाण उभी राहिली नाही. त्यांनी बरोबर केले की चूक, यावर वाद घाला. पण त्यांना ‘नाही’ म्हणता आले, हे महत्त्वाचे. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्यालाच भाव मागता येतो. आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून आपल्याला भाव मिळत नाही. जे मिळते ती भरपाई.

भरपाई तरी कशाची? जमिनीच्या वरच्या अंगाची. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ती वाढली, हे खरे. पण ती मोजतात आसपासच्या खरेदीखतांवरून, म्हणजे कोरडवाहू जमिनीच्या भावाने. खाली कोळशाचा थर आहे म्हणून एकरामागे रुपया वाढत नाही. २०११ च्या खाण विधेयकात कोळसा कंपन्यांच्या नफ्यातले २६ टक्के बाधितांसाठी देण्याची गोष्ट होती. ते विधेयक बारगळले. २०१५ मध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले : जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाच्या पट्ट्यांवर १० टक्के. पैसा जातो निधीत. निधीतून इमारती होतात, फलक लागतात. ज्याचे शेत गेले त्याच्या नावाचे खाते त्यात नाही.

आणि खाण सुरूच झाली नाही तर? पट्टेदाराने खाण चालवली नाही तरी सरकार त्याच्याकडून डेड रेंट वसूल करते. म्हणजे थांबण्याची किंमत सरकारला मिळते. अधिसूचनेत अडकलेल्या शेताला गिऱ्हाईक येत नाही, विहिरीत पैसा घालायला हात धजत नाही, मुलीचे लग्न अडते. या थांबण्याची किंमत शेतकऱ्याला का नको?

कोणी म्हणेल, खनिज देशाचे आहे. ठीक. देशाला हवे असेल तर देशाने विकत घ्यावे. देशाच्या नावाने फुकट द्यायची पाळी दर वेळी शेतकऱ्यावरच का?

एक सावधगिरीही सांगतो. टक्का म्हणजे लॉटरी नव्हे. युरेनियमचा भाव २००७ मध्ये पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला, २०१६ मध्ये वीसच्या खाली आला आणि २०२४ च्या जानेवारीत पुन्हा शंभराच्या वर चढला. कापसापेक्षा हा सट्टा मोठा. तेव्हा जमिनीची किंमत सोडून नुसत्या टक्क्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

येत्या जिल्हा बैठकीत या मागण्या ठेवाव्यात. खाणीसाठी जमीन पट्ट्याने घ्यावी आणि काम संपल्यावर पूर्ववत करून परत द्यावी. स्वामित्वधनातला वाटा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळावा. तो वारसाने जावा, विकता यावा. अधिसूचना निघाल्यापासून खाण सुरू होईपर्यंत दरवर्षी एकरी थांबणावळ मिळावी. आणि या सगळ्याच्या आधी, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क.

बैठकीला येताना सातबारा बरोबर आणा. त्यावर भोगवटादार म्हणून कोणाचे नाव आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्वामी कोण, हे आता आपण विचारायचे आहे.